ग्रीन बेचे कठोर गुरुजी

३१ डिसेंबर १९६७. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या छोट्या शहरात त्या रविवारी तापमान उणे २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. अंगावर येणाऱ्या वाऱ्यामुळे थंडी अधिकच बोचत होती. तरीही लॅम्बो फील्ड या मैदानावर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक घोंगड्या पांघरून बसले होते. मैदानाखाली विजेच्या तारांचे जाळे पसरून जमीन उबदार ठेवण्याची सुमारे ८० हजार डॉलर खर्चाची व्यवस्था त्याच वर्षी बसविण्यात आली होती. ती ऐनवेळी कुचकामी ठरली आणि हिरवळ दगडासारखी गोठली. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या. अखेर त्यांना आवाज देऊनच खेळ थांबवावा लागला.

त्या मैदानाच्या कडेला जाड कोट आणि केसाळ टोपी घातलेला, चष्मा लावलेला, ठेंगणा पण भक्कम बांध्याचा एक माणूस उभा होता. व्हिन्सेंट थॉमस लोम्बार्डी हे त्याचे नाव. त्यांच्या ग्रीन बे पॅकर्स संघाला सलग तिसऱ्यांदा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे अजिंक्यपद मिळवायचे होते आणि खेळ संपायला पाच मिनिटेही उरली नसताना संघ तीन गुणांनी पिछाडीवर होता. लोम्बार्डींनी आयुष्यभर जे शिकविले, त्याची परीक्षा त्या पाच मिनिटांत होणार होती.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा चेंडू येतो. अमेरिकन फुटबॉल हा निराळा खेळ. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा सहकाऱ्याकडे फेकायचा. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. शंभर यार्डांच्या मैदानात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, ते जमले तर पुन्हा चार संधी मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. चेंडूवाल्या खेळाडूला प्रतिस्पर्धी अंगावर धावून जाऊन पाडतात. त्यामुळे हा खेळ जितका डावपेचांचा, तितकाच अंगमेहनतीचा आणि वेदनेचा. या वेदनेशी लोम्बार्डी यांचे नाते लहानपणीच जुळले होते.

११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका इटालियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील हॅरी यांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. आई माटिल्डा शिस्तीची आणि धर्मनिष्ठ. पाच भावंडांत व्हिन्सेंट थोरले. घरात कॅथलिक श्रद्धा इतकी खोल रुजलेली, की पंधराव्या वर्षी हा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाला. चार वर्षांनी त्याने तो मार्ग सोडला. झगा उतरला, पण रोजच्या प्रार्थनेची सवय सुटली नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून कीर्तीच्या शिखरावर असतानाही त्यांचा दिवस चर्चमधील प्रार्थनेनेच सुरू होत असे.

फोर्डहॅम विद्यापीठात ते फुटबॉल खेळू लागले. बचावाच्या आघाडीच्या फळीत उभे राहण्यासाठी त्यांचे शरीर लहानच होते. तरीही ज्या सात खेळाडूंच्या भिंतीला तेव्हाच्या वृत्तपत्रांनी ग्रॅनाइटचे सात चिरे असे नाव दिले, तिच्यातील एक चिरा लोम्बार्डी होते. पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्यात त्यांच्या तोंडात आतून खोल जखम झाली, काही दात पडले. बराच वेळ बाहेर बसल्यावर, प्रतिस्पर्धी अगदी गोलरेषेपाशी येऊन ठेपला असताना त्यांना पुन्हा मैदानात बोलावण्यात आले. फळीने रेषा राखली आणि सामना शून्य-शून्य असा सुटला. अंग दुखत असतानाही उभे राहता येते, हा धडा ते त्या दिवशी शिकले. पुढे तोच धडा त्यांनी इतरांना आयुष्यभर दिला, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच.

१९३७ मध्ये पदवी मिळाली तेव्हा अमेरिका मंदीच्या छायेत होती. काही काळ त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, तेही अर्धवट सोडले. अखेर १९३९ मध्ये न्यू जर्सीतील एंगलवूड येथील सेंट सेसिलिया या छोट्या कॅथलिक शाळेत ते शिक्षक झाले. वार्षिक पगार हजार डॉलरच्याही आत. त्यात लॅटिन, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी मुलांकडून फुटबॉलचा सराव करून घ्यायचा. १९४० मध्ये मारी प्लॅनिट्झ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या शाळेत त्यांनी आठ वर्षे काढली. वर्गातला सर्वांत मंद मुलगा समजेपर्यंत तोच भाग पुन:पुन्हा समजावून सांगायचा, ही त्यांची पद्धत तेथे तयार झाली. लोम्बार्डी मुळात शिक्षक होते. फळ्यावरचे प्रमेय आणि मैदानावरचा डावपेच यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे.

त्यानंतर फोर्डहॅममध्ये दोन वर्षे आणि १९४९ पासून वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत पाच वर्षे त्यांनी सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. वेस्ट पॉइंटचे मुख्य प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांना ते गुरुस्थानी मानत. खेळाचे चित्रीकरण पुन:पुन्हा पाहून चुका शोधणे, वेळेचा हिशेब आणि अनावश्यक ते सारे काढून टाकणे, हे त्यांनी ब्लेक यांच्याकडून घेतले. १९५४ मध्ये ते व्यावसायिक फुटबॉलमध्ये, न्यूयॉर्क जायंट्स संघात आले. आक्रमणाची बाजू लोम्बार्डी सांभाळीत आणि बचावाची बाजू टॉम लँड्री नावाचा टेक्ससचा एक शांत तरुण. १९५६ मध्ये जायंट्सनी अजिंक्यपद पटकावले. पण वय पंचेचाळीसला आले तरी लोम्बार्डी सहायकच होते. मोठ्या विद्यापीठांची मुख्य प्रशिक्षकपदे एकामागून एक हुकत गेली. आपले इटालियन आडनाव आड येते, अशी सल त्यांच्या मनात होती.

अशा वेळी बोलावणे आले ते ग्रीन बेहून. जेमतेम साठ हजार वस्तीचे, कडाक्याच्या थंडीचे हे गाव. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीच्या मदतीने १९१९ मध्ये तेथे हा संघ उभा राहिला, म्हणून नाव पॅकर्स. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या महानगरांचे संघ धनिकांच्या मालकीचे. पॅकर्सचे भागधारक मात्र गावातले सामान्य लोक आणि या भागांवर लाभांशही मिळत नसे. पूर्वी या संघाने सहा अजिंक्यपदे मिळविली होती. पण १९४७ नंतर एकही हंगाम पराभवांपेक्षा अधिक विजयांनी संपला नव्हता. १९५८ मध्ये तर १२ सामन्यांत १ विजय, १ बरोबरी आणि १० पराभव, अशी दैना उडाली. एवढ्या लहान गावात संघ टिकणार की नाही, हाच प्रश्न होता. जानेवारी १९५९ मध्ये संघाने लोम्बार्डी यांना मुख्य प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक अशी दोन्ही पदे दिली. ज्याने शाळेखेरीज कोठेही मुख्य प्रशिक्षकपद भूषविले नव्हते, त्याच्या हाती गावाने आपली अब्रू सोपविली.

पहिल्याच उन्हाळ्यात खेळाडूंना नव्या गुरुजींची ओळख पटली. जागेवर जोरात धावायचे, आज्ञा होताच छातीवर पडायचे, लगेच उठून पुन्हा धावायचे. भर उन्हात हा व्यायाम कोणी कोसळेपर्यंत चाले. ठरलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटे हजर नसलेला खेळाडू उशिरा आला, असे समजले जाई. लोक त्याला लोम्बार्डींची वेळ म्हणू लागले. बिली हॉटन या नावाजलेल्या खेळाडूलाही त्यांनी दुसऱ्या संघात धाडले. त्या वर्षी पॅकर्सनी ७ सामने जिंकले आणि ५ गमावले. मागच्या वर्षी हसे झालेला संघ ताठ मानेने उभा राहिला आणि लोम्बार्डी त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

त्यांच्या यशात जादू नव्हती. इतर प्रशिक्षक डावपेचांच्या जाडजूड वह्या तयार करीत, तेव्हा लोम्बार्डी मोजक्याच चाली शिकवीत. पण त्या इतक्या घोटून घेत की प्रतिस्पर्ध्याला आधी कळले तरी थोपविता येऊ नये. पॉवर स्वीप ही त्यांची सर्वांत गाजलेली चाल. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन धिप्पाड रक्षक आपली जागा सोडून कडेला धावत आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने पॉल हॉर्नंग किंवा जिम टेलर चेंडू घेऊन सुसाट जात. ही एक चाल समजावून सांगण्यात ते तासन् तास घालवीत. कोणाचे पाऊल कोठे पडावे, डोळे कोठे असावेत, हे सारे ते फळ्यावर मांडीत. खेळाची सूत्रे हलविणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेसाठी त्यांनी बार्ट स्टार याला घडविले. १९५६ च्या खेळाडू निवडीत स्टारचा क्रमांक दोनशेवा लागला होता! सर्वांसमोर रागावलात तर संघ माझे ऐकणार नाही, जे बोलायचे ते खोलीत बोला, असे या मितभाषी तरुणाने एकदा त्यांना सुनावले. लोम्बार्डींनी ते ऐकले आणि शेवटपर्यंत पाळले.

कठोरपणाला न्यायाची जोड होती. १९५९ मध्ये ग्रीन बेमध्ये कृष्णवर्णीय माणसे अगदी थोडी होती आणि देशात वर्णभेद उघडपणे नांदत होता. ज्या हॉटेलात वा दुकानात आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होईल, तेथे संघातील एकही खेळाडू पाय ठेवणार नाही, असे लोम्बार्डींनी गावातील व्यावसायिकांना बजावले. विली डेव्हिस, विली वुड, हर्ब अ‍ॅडर्ली यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखाली देशभर नावारूपाला आले. आडनावामुळे डावलले जाण्याचा अनुभव त्यांनी स्वत: घेतला होता. तो ते विसरले नाहीत.

१९६० मध्ये पॅकर्स अंतिम सामन्यात पोचले आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडून १३-१७ असे हरले. जिम टेलरला शेवटच्या क्षणी रेषेपासून काही यार्डांवर पाडण्यात आले. त्यानंतर लोम्बार्डी बाद फेरीचा एकही सामना हरले नाहीत. १९६१ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या जुन्या जायंट्स संघाचा ३७-० असा धुव्वा उडाला, १९६२ मध्ये पुन्हा तोच संघ १६-७ असा नमला. जुगारापायी हॉर्नंगवर १९६३ च्या हंगामात बंदी आली. ते आणि पुढचे वर्ष विजेतेपदाविना गेले. पण १९६५ आणि १९६६ मध्ये पॅकर्स पुन्हा अजिंक्य ठरले. जानेवारी १९६७ मध्ये प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सला ३५-१० असे हरवून त्यांनी पहिला सुपर बोलही जिंकला.

या यशाची किंमत घरात मोजली जात होती. हंगामाच्या काळात लोम्बार्डी रात्र-रात्र चित्रफिती पाहत. ग्रीन बेच्या एकाकी हिवाळ्यात पत्नी मारी यांना मद्याचा आधार वाटू लागला. मुलगा व्हिन्सेंट आणि मुलगी सुसान यांच्या वाट्याला वडील कमीच आले. खेळाडूंच्या मनातील भीती आणि आदर ओळखणाऱ्या या माणसाला घरच्यांचे मन वाचणे जमले नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. जिंकणे हीच एकमेव गोष्ट, या अर्थाचे एक वचन आजही त्यांच्या नावावर खपते. वास्तविक ते त्यांच्याआधी रेड सँडर्स या प्रशिक्षकाने वापरलेले होते. लोम्बार्डींनीही ते उच्चारले. मात्र जिंकण्यासाठी झटणे महत्त्वाचे, असे आपल्याला म्हणायचे होते, हे त्यांना पुढे वारंवार सांगावे लागले.

अशा वळणावर १९६७ चा हंगाम उजाडला. विजेता ठरविण्यासाठी अंतिम सामन्याची पद्धत १९३३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून एकाही संघाने सलग तीन अजिंक्यपदे मिळविली नव्हती. लोम्बार्डींना तो मान हवा होता. पण संघ म्हातारा होत चालला होता. हॉर्नंग आणि टेलर न्यू ऑर्लिन्सच्या नव्या संघाकडे गेले. त्यातही हॉर्नंगला दुखापतीमुळे निवृत्त व्हावे लागले. पहिलाच सामना बरोबरीत सुटला. दुखापतींनी बेजार झालेल्या स्टारने त्या हंगामात ९ यशस्वी गोलफेकी केल्या, तर त्याचे १७ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी हिसकावले. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्धच्या एकाच सामन्यात एलायजा पिट्स आणि जिम ग्रॅबोव्स्की हे दोन्ही प्रमुख धावपटू जायबंदी झाले. मग इतर संघांना नकोसा झालेला चक मर्सीन याला हंगामाच्या मध्यावर आणण्यात आले. ट्रॅव्हिस विल्यम्स या नवख्या खेळाडूने सुरुवातीचा चेंडू झेलून थेट गोलरेषेपलीकडे नेण्याचा पराक्रम चार वेळा केला. असे ठिगळ लावत लावत संघाने ९ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी येथवर मजल मारली.

त्याच सुमारास लोम्बार्डी यांना पोटाचे दुखणे जाणवू लागले होते. डॉक्टरांनी आतड्याची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला. त्यांनी नकार दिला. खेळाडूंच्या दुखण्यांना किरकोळ समजणारा हा माणूस स्वत:च्या दुखण्यालाही तोच नियम लावीत होता.

बाद फेरीत बलाढ्य लॉस एंजेलिस रॅम्सला २८-७ असे नमवून पॅकर्स अंतिम सामन्यात पोचले. समोर डॅलस काउबॉइज, आणि त्यांचे प्रशिक्षक जायंट्समधील जुने सहकारी टॉम लँड्री! त्या गोठलेल्या दुपारी पॅकर्सनी आधी १४-० अशी आघाडी घेतली. पण चुकांमुळे ती वितळली आणि चौथ्या सत्राच्या आरंभी डॅलस १७-१४ असा पुढे गेला. अखेरच्या पाच मिनिटांत पॅकर्सना ६८ यार्ड कापायचे होते. स्टारने छोट्या-छोट्या फेकी केल्या, डॉनी अँडरसन आणि मर्सीन बर्फावर तोल सावरीत धावले. गोलरेषा एका यार्डाच्याही आत आली. तेथे अँडरसन दोनदा घसरला. १६ सेकंद उरले असताना स्टारने शेवटची विश्रांती मागून घेतली.

सोपी वाट मोकळी होती. चेंडू लाथाडून तीन गुण मिळविले असते, तर बरोबरी होऊन जादा वेळ मिळाला असता. धावण्याचा प्रयत्न फसला असता, तर घड्याळ थांबविण्याचा मार्गच उरला नसता. आपण स्वत:च चेंडू घेऊन घुसतो, असे स्टारने सुचविले. लोम्बार्डींनी होकार दिला. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी डॅलसच्या जेथ्रो प्यू याला मागे रेटले आणि त्या फटीतून स्टार रेषेपलीकडे पडला. पॅकर्स २१, डॅलस १७. नऊ वर्षांपूर्वी चुरगळलेला संघ हाती घेतलेल्या गुरुजींनी निर्णयाच्या क्षणी शिष्यावर भार टाकला आणि शिष्याने तो पेलला. क्रेमरने त्या हंगामाची रोजनिशी लिहिली होती. ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली तेव्हा वाचकांना कळले, की ज्या माणसाचा खेळाडू मनातून राग करीत, त्याच्याचसाठी ते जीव तोडून खेळत होते.

दोन आठवड्यांनी ओकलंड रेडर्सला ३३-१४ असे हरवून पॅकर्सनी दुसरा सुपर बोलही जिंकला. सात वर्षांत पाच अजिंक्यपदे! पण लोम्बार्डी थकले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. गावाने मैदानाशेजारच्या रस्त्याला त्यांचे नाव दिले. केवळ महाव्यवस्थापक म्हणून १९६८ चा हंगाम त्यांनी काचेआडून पाहिला. ती विश्रांती त्यांना मानवली नाही. १९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९५५ नंतर प्रथमच त्या संघाचा हंगाम पराभवांपेक्षा अधिक विजयांनी संपला. मुख्य प्रशिक्षक म्हणून दहा हंगाम, आणि त्यांतला एकही तोट्यात गेला नाही.

जून १९७० मध्ये ते वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाले. तपासणीत आतड्याचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने पसरणारा. दुखण्याकडे पाठ फिरविण्याचा जो नियम मैदानावर यश देऊन गेला, तोच शरीराच्या बाबतीत उलटला. खेळाडू एकामागून एक भेटीला येत राहिले. ३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये अंत्यप्रार्थना झाली आणि न्यू जर्सीच्या मिडलटाउन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

सुपर बोलच्या चांदीच्या करंडकाला त्यांच्या मृत्यूनंतर लगेच लोम्बार्डी यांचे नाव देण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स सलग तिसऱ्या करंडकासाठी मैदानात उतरले, तेव्हा त्यांना फिलाडेल्फिया ईगल्सने ४०-२२ असे रोखले. बाद फेरीत लोम्बार्डींना हरविणारा एकमेव संघही हाच. १९६७ च्या त्या थकल्या-भागल्या पॅकर्सची बरोबरी त्यामुळे अजून कोणालाही साधलेली नाही.

पण लोम्बार्डींचे मोठेपण करंडकांच्या मोजदादीत सामावत नाही. साधी गोष्ट अचूक करण्यासाठी ती हजारदा करावी लागते आणि सामान्य माणसाकडूनही असामान्य काम करवून घेता येते, हे त्यांनी एका लहानशा गावात सिद्ध केले. त्याच वेळी, वेदनेला कधी झुगारायचे आणि कधी तिचे ऐकायचे, हा धडा त्यांच्या फळ्यावर कधी आलाच नाही. त्यांच्या शिष्यांनी मात्र गुरुजींच्या दोन्ही बाजू मनात जपल्या. त्या गोठलेल्या दुपारचा शेवटचा यार्ड आठवताना वृद्धापकाळीही त्यांचे डोळे पाणावत, ते बहुधा याच दोन्ही कारणांनी.